अनुभवाचा उतारा

साखर कारखान्याचा हंगाम संपला की दोन आकडे विचारले जातात: गाळप किती झालं आणि उतारा किती पडला. गाळप म्हणजे किती टन ऊस आत गेला. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर हाती आली. निलंगा तालुक्यातल्या अंबुलग्याच्या कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तोच माणूस आठ-दहा वर्षांच्या नोकरीनंतर एमबीएचा अर्ज भरायला बसला, की मात्र नुसतं गाळप लिहितो. इतकी वर्षं नोकरी, इतक्या बदल्या, इतकी पदं. अर्ज वाचणाऱ्याला उतारा हवा असतो.

निलंग्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचे असे कच्चे अर्ज मी बरेच वाचलेत. बँकेतले अधिकारी, कारखान्यातले अभियंते, खत-बियाण्यांच्या कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, मोंढ्यातल्या अडत घराण्यांतली मुलं-मुली. सांगण्यासारखं काम जवळजवळ प्रत्येकाकडे होतं, ते मांडायची सवय नव्हती. यात त्यांचा दोष कमी. आपण लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली माणसं. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी राज्याला दाखवून दिलं की नेटानं अभ्यास केला की गुण मिळतात, गुण मिळाले की यादीत नाव लागतं आणि यादीत नाव लागलं की प्रवेश पक्का. या सगळ्यात तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही. अनुभवी माणसांच्या एमबीएला तेच पहिल्यांदा विचारतात.

अर्थात, सगळीकडे नाही. म्हणून आधी कोणत्या दारातून आत जायचं हे ठरवावं.

राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटी हे सगळ्यांच्या ओळखीचं दार. १५० मिनिटांत २०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या. मुंबईची जमनालाल बजाज ही १९६५ पासूनची नामांकित संस्थाही या दारातून गाठता येते. इथं लातूर पॅटर्न शंभर टक्के चालतो. तुमच्या दहा वर्षांच्या नोकरीला मात्र गुणवत्ता यादीत शून्य किंमत. बाविशीतल्या पोराशी गणिताच्या वेगात स्पर्धा करायची तयारी असेल, फी आवाक्यात हवी असेल, दोन वर्षं देता येत असतील, तर हा मार्ग वाईट नाही. पण मग या लेखातलं पुढचं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही.

आयआयएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हे दुसरं दार. कॅट दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि तिचा निकाल पुढच्या एकाच वर्षीच्या प्रवेशापुरता चालतो. निवडीत दहावी-बारावीचे गुणही मोजले जातात. अनुभवाला थोडे गुण असतात, पण बहुतेक ठिकाणी ते ठरावीक महिन्यांपर्यंतच वाढतात. तीन वर्षं नोकरी केलेल्याला फायदा होतो, अकरा वर्षं केलेल्याला त्याहून जास्त काही मिळत नाही. शिवाय वर्ग बावीस ते सव्वीस वयाच्या मुलांचा. बत्तिशीच्या माणसाला तिथं काका म्हणायला कुणी कमी करत नाही.

खरं दार तिसरं. मुद्दाम अनुभवी माणसांसाठी आखलेला, पूर्णवेळ, एक वर्षाचा अभ्यासक्रम. अहमदाबादच्या आयआयएमनं तो २००६ मध्ये सुरू केला, त्याला पीजीपीएक्स म्हणतात आणि किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. बेंगळुरू, कोलकाता, लखनौ इथल्या आयआयएममध्ये अशाच अभ्यासक्रमांना साधारण पाच वर्षं मागतात. हैदराबादचं इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी) २००१ मध्ये उघडलं. तिथं किमान दोन वर्षांवर अर्ज करता येतो.

हैदराबाद हे नाव निलंग्याला परकं नाही. १९५६ पर्यंत निलंगा तालुका बिदर जिल्ह्यात होता आणि बिदर हैदराबाद राज्यात. आजोबांच्या पिढीत कुणी पुढं शिकायचं म्हटलं की रस्ता उस्मानिया विद्यापीठाकडेच जायचा, तोही उर्दूतून. नातवंडांनी पुणं धरलं. आता पुन्हा बिदरमार्गे आयएसबीच्या गच्चीबावलीला जाणाऱ्या गाडीत आपली चार पोरं दिसायला लागलीत, एवढाच फरक.

नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर शनिवार-रविवारचे किंवा टप्प्याटप्प्यानं चालणारे एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम आहेत. ही कल्पना जुनी, शिकागो विद्यापीठानं १९४३ मध्ये सुरू केलेली. इथं एक खड्डा आहे. मोठ्या संस्थेचं नाव आणि खाली ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम’ असं लिहिलेलं जे काही फोनवरून विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं नुसतं प्रमाणपत्र असतं, पदवी नसते. प्रमाणपत्र वाईट असतं असं नाही, पण पदोन्नतीच्या फायलीला पदवी लागत असेल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर नेमके कोणते शब्द असतील? दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम आहे ना, हे स्वतः पाहायचं. फोनवरच्या गोड आवाजावर भागवायचं नाही.

घरची डाळमिल किंवा अडत दुकान सांभाळणाऱ्यांसाठी वेगळीच सोय आहे. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत आणि हैदराबादच्या आयएसबीत कौटुंबिक व्यवसायाचे स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. धंदा सोडून यायची अट नसते, उलट धंदा चालू आहे म्हणूनच प्रवेश मिळतो. तूर-सोयाबीनवर उभ्या असलेल्या लातूरच्या बाजारपेठेतल्या किती घरांना हे ठाऊक आहे, याची मला शंका आहे.

आता परीक्षा. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना मुख्यतः जीमॅट किंवा जीआरई चालते. जीमॅट २०२३ च्या नोव्हेंबरपासून बदलली आणि मराठी माध्यमातून आलेल्यांच्या दृष्टीनं हा बदल बरा झाला. व्याकरणाचे बारीक डाव खेळणारे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न गेले. निबंध गेला. गणितातून भूमितीही गेली. आता ४५ मिनिटांचे तीन भाग: अंकगणित-बीजगणित, उतारे वाचून तर्क लावणं, आणि तक्ते-आलेख वाचणं. एकूण ६४ प्रश्न. गुण २०५ ते ८०५ यांच्यामध्ये. जुन्या मार्गदर्शकांनी ७०० चा आकडा डोक्यात घालून ठेवलाय, त्याची बरोबरी नव्या मोजपट्टीवर ६४५ च्या आसपास होते. ६५५ मिळाले म्हणून रडत बसलेला एक जण मी पाहिलाय, म्हणून सांगतो. निकाल पाच वर्षं चालतो, त्यामुळे अर्जाच्या वर्षातच परीक्षा द्यायची घाई नको. नोकरी सांभाळून चार-पाच महिने रोज दोन तास, असा हिशोब धरावा.

अभ्यासाइतकंच महत्त्वाचं म्हणजे नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडलेलं. लग्न झालेल्या मुलीची तर बारावीपर्यंत एक ओळख आणि नोकरीत दुसरी. परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावी लागते, नाहीतर केंद्राच्या दारातूनच परत यावं लागतं. म्हणून पहिलं काम पासपोर्टचं. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आधी करून घ्यावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा वेळेत मागवावा. कार्यालयीन वेळ कार्यालयाच्या हिशोबानं चालते, अर्जाच्या मुदतीच्या हिशोबानं नाही.

मग अनुभवाची मोजणी. पदवीनंतरची, पूर्णवेळ, पगारी नोकरी धरली जाते. पदवीच्या आधीचं काम धरत नाहीत, शिकाऊ उमेदवारीही सहसा धरत नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवलेली वर्षं धरतील की नाही, हे त्या संस्थेला ईमेल करून विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. घरच्या दुकानात बसलेल्याकडे पगारपत्रक नसतं. त्यानं आयकर विवरणपत्रं, जीएसटीची विवरणं, फर्मच्या भागीदारीपत्रातलं आपलं नाव, सीएचं पत्र अशी कागदपत्रं उभी करावीत. आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीच्या नादात गेलेली तीन वर्षं? ती लपवू नयेत. आपल्याकडच्या निम्म्या हुशार पोरांच्या आयुष्यात अशी वर्षं आहेत. दोन ओळींत सरळ लिहावं: अमुक ते अमुक काळ राज्यसेवेची तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, मग नोकरी धरली. तारखांची ओढाताण करून भोक बुजवणाऱ्याचा अर्ज प्रवेशानंतरच्या पडताळणीत उघडा पडतो आणि मिळालेला प्रवेशही जातो.

इथपर्यंतचं सगळं गाळप. आता उतारा.

अर्जात दोन-तीन छोटे निबंध असतात. वेगवेगळ्या शब्दांत ते तेच विचारतात: तुम्ही काय केलंत, आता हे का शिकायचंय, आणि आमच्याकडेच का? ते का विचारतात हे कळलं की उत्तर सुचतं. या वर्गांत शिकवणं बरंचसं केस पद्धतीनं होतं. हार्वर्डनं शंभर वर्षांपूर्वी रुजवलेली आणि अहमदाबादनं हार्वर्डकडूनच उचललेली ही रीत. एखाद्या कंपनीची अडचण वर्गापुढं ठेवायची आणि सत्तर जणांनी त्यावर भांडायचं. त्या भांडणात पुस्तकी माणूस लवकर गप्प होतो. ज्यानं प्रत्यक्ष कुणाला तरी पैसे देणं नाकारलंय, संप झेललाय, कुजणारा माल खपवलाय, तो बोलतो. निवड समिती हा वर्ग भरत असते. तुम्ही बोलाल तेव्हा बाकीच्यांना काय मिळेल, एवढंच ती पाहते. त्याशिवाय तुम्हाला अभ्यास झेपेल का आणि वर्षाअखेरीस नोकरी मिळेल का, या दोन शंका ती मनात धरून असते.

समजा, एका कारखान्यातला शेतकी अधिकारी अर्ज करतोय. त्याचा पहिला खर्डा असा: ‘सात वर्षांचा अनुभव. ऊस नोंदी, तोडणी कार्यक्रम व वाहतूक यांचे नियोजन करण्यात आले. उद्दिष्टपूर्ती करण्यात आली.’ हे वाचून कुणाला काहीच कळत नाही. ‘करण्यात आले’ हा आपल्या सरकारी मराठीचा रोग आहे. त्यात काम असतं, करणारा नसतो. इंग्रजीत भाषांतर केलं तरी तो रोग तसाच पलीकडे जातो.

मग त्याला विचारायचं, कोणत्या हंगामात झोप उडाली होती? तो सांगायला लागतो. जानेवारीत दोन तोडणी टोळ्या आगाऊ उचल घेऊन पळाल्या. एकीकडे कारखान्यात नो-केन, म्हणजे उसाअभावी गाळप थांबलेलं, दुसरीकडे तोडलेला ऊस फडात वाळतोय. टोळ्यांचा मुकादम फोन उचलेना. तोडणीचं पाळीपत्रक नोंदीच्या तारखेप्रमाणे लावलेलं, त्यामुळे पक्व ऊस उभा आणि कोवळा ऊस गव्हाणीत. यानं चिटबॉयना हातात रिफ्रॅक्टोमीटर देऊन गटवार ब्रिक्स मोजायला लावले आणि पाळी पक्वतेप्रमाणे बदलली. शेतकरी चिडले, एका वजनदार माणसाच्या नातेवाइकाचा ऊस आठ दिवस मागे गेला, याला बोलावणं आलं. यानं मोजणीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. तोडणीपासून गव्हाणीपर्यंत तीस तास लागायचे ते अठरावर आले.

हे आकडे मी उदाहरणादाखल धरलेत, पण असा प्रसंग आपल्याकडच्या बहुतेक शेतकी अधिकाऱ्यांकडे असतो. यात अडचण आहे, मोजमाप आहे, विरोध आहे, आणि माणसानं स्वतः घेतलेला निर्णय आहे. तीनशे शब्दांत हे एवढंच लिहायचं. सात वर्षांचं सगळं कोंबायचं नाही. उचल, मुकादम, चिटबॉय हे शब्द सांगताना अर्ध्या ओळीत समजावायचे, पण काढून टाकायचे नाहीत. ‘स्टेकहोल्डर’ आणि ‘लीडरशिप’ हे शब्द दिल्लीच्या अर्जातही आहेत. टोळी पळाल्याचं वर्णन तिथं नाही.

दुसरी सवय ‘आम्ही’ची. घरी मोठ्यांसमोर ‘मी’ म्हणणं उद्धटपणा, असं आपल्याला शिकवलेलं. त्यामुळे मुलाखतीतही ‘आम्ही शाखेचं थकीत कर्ज कमी केलं’ असंच तोंडातून निघतं. समिती विचारणार, त्यात तुम्ही काय केलंत? उत्तर साधं असतं: ‘थकबाकीदारांची गाववार यादी मी काढली, पोळ्यानंतर घरोघर जायची कल्पना शिपायाची होती, व्याजसवलतीची मंजुरी व्यवस्थापकांनी आणली.’ ज्याचं त्याला देऊन आपलं ठेवलं की बढाई वाटत नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे उसनं दुःख. लातूर जिल्ह्यातून अर्ज म्हटल्यावर पुष्कळांना किल्लारीचा भूकंप लिहावासा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ ला जो पाळण्यात होता किंवा जन्मलाच नव्हता, त्यानं त्यावर निबंध लिहू नये. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात महानगरपालिकेत टँकरच्या खेपा लावणाऱ्या अभियंत्यानं मात्र जरूर लिहावं. ती त्याची स्वतःची कमाई आहे.

‘आता का?’ या प्रश्नाला ‘प्रगतीसाठी’ हे उत्तर चालत नाही. शेतकी अधिकाऱ्यानं असं काही सांगावं: मला ऊस मिळवता येतो, पण इथेनॉलचा करार, खेळतं भांडवल आणि ताळेबंद कळत नाही. पुढची पाच वर्षं कच्च्या मालाच्या खरेदीत मोठ्या कंपनीत काम करायचंय, तिथं या तीन गोष्टींवाचून दार उघडत नाही. काय येत नाही हे नेमकं सांगणारा अर्ज दुर्मीळ असतो आणि म्हणून लक्षात राहतो. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे पुण्यात आहेत, संगणकही आता लिहून देतो. मुलाखतीत समोर बसलेल्यांच्या हातात तोच कागद असतो आणि ते त्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतात.

शिफारसपत्र हा आपल्याकडे सगळ्यात गैरसमजाचा विषय. शिफारस म्हटलं की निलंग्यात पहिल्यांदा आमदाराचं पत्र आठवतं. इथं त्याचा उपयोग नाही, झालं तर नुकसानच. ज्यानं तुमचं काम रोज पाहिलंय असा थेट वरिष्ठ हवा, भले त्याचं पद लहान असो. संस्था त्याला ईमेलवर दुवा पाठवते आणि फॉर्म त्यानं स्वतः भरायचा असतो. बहुतेक साहेब म्हणतात, ‘तूच लिहून आण रे, मी सही करतो.’ इथं नम्रपणे थांबायचं. त्यांच्याजवळ अर्धा तास बसून दोन-तीन प्रसंग आठवून द्यावेत, लिहू मात्र त्यांनाच द्यावं. त्यांचं इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. निबंधाची आणि शिफारशीची भाषा एकाच हातची वाटली तर चालत नाही. सहकारी संस्थांत कार्यालयीन ईमेल नसतो, साहेबांचा साधा जीमेल असतो. तसं असेल तर अर्जात जागा मिळेल तिथं एका ओळीत कारण द्यावं.

साहेबांना सांगायचं म्हणजे बातमी फुटणार, ही भीती खरी आहे. अशा वेळी आधीच्या नोकरीतला वरिष्ठ चालतो. घरी मात्र लवकर सांगावं. ‘लागलेली नोकरी सोडून कुठं चाललास रे?’ हा प्रश्न आज ना उद्या येणारच, आणि त्याचं खरं उत्तर तेच असतं जे ‘आता का?’च्या निबंधात लिहायचंय. वडिलांना पटेल असं मराठीत सांगता आलं, की निबंध निम्मा झाला. सरकारी नोकरीत असाल तर राजीनाम्याआधी अध्ययन रजेचे नियम वाचावेत. पुरेशी सेवा झालेल्यांना बंधपत्रावर अशी रजा मागता येते.

मुलाखत तीस-चाळीस मिनिटांची. कामावर खोदून विचारतात, आणि गावावरही. निलंगा कुठं आलं, सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली का जातो, लातूरला पाणी का पुरत नाही, नीलकंठेश्वराचं मंदिर केव्हाचं, एवढंच काय, पुण्यातल्या गाड्यांवर लिहिलेला निलंगा राइस म्हणजे काय. यातलं एकही न येणाऱ्याबद्दल त्यांचं मत चांगलं होत नाही. मुलाखत ऑनलाइन असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नये, लातूरला एखाद्या ओळखीच्या कार्यालयातली खोली धरावी.

राहिला पैसा. मोठ्या संस्थांतल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा खर्च तीस लाखांच्या पुढे जातो, वर वर्षभराचा बुडालेला पगार. नामांकित संस्थांसाठी काही बँका तारणाशिवाय मोठं कर्ज देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतही निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना त्यातल्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. जुन्या करपद्धतीत राहिलात तर व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते.

प्रवेशाचं पत्र आलं की जागा राखायची रक्कम काही दिवसांतच भरावी लागते आणि कर्जमंजुरीला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून बँकेतली फाईल मुलाखतीच्या आधीच तयार करावी. तारण द्यायची वेळ आली तर घरातले मोठे पहिल्यांदा सातबारा उतारा काढून देतात. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. अकृषिक प्लॉट किंवा शहरातलं घर लागतं, आणि ते अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज जीमॅटच्या नोंदणीच्याही आधी, पहिल्या महिन्यातच करून टाकावा.